निकालपत्र शेवटापासून वाचा: न्याय शोधण्याची एक रीत

‘न्याय म्हणजे काय?’ हा प्रश्न नुसताच विचारला तर गप्पा रंगतात, पण हाती फार काही लागत नाही. एखादं खरं निकालपत्र पुढ्यात ठेवून विचारला, तर कायदा, तत्त्वज्ञान आणि साहित्य या तिन्ही अंगांनी त्याची उत्तरं त्याच कागदावर सापडतात. ती उत्तरं एकमेकांशी जुळतातच असं नाही, आणि ती कुठे जुळत नाहीत हे शोधायला शिकणं हाच या वाचनाचा उद्देश आहे.

सरावासाठी ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा १० जुलै १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या. फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचं हे प्रकरण. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, एकमताचा निकाल, आणि तो लिहिला पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल ‘उपजीविकेचा हक्क’ म्हणून पाठ असतो. पण त्याचं शेवटचं पान फार थोडे जण नीट वाचतात.

तयारी

निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर मोफत मिळतो. वाचनालयात शोधायचा तर (१९८५) ३ एससीसी ५४५ किंवा एआयआर १९८६ एससी १८० असा उल्लेख द्या (एससीसी आणि एआयआर या निकाल छापणाऱ्या मालिका). दोन ठिकाणच्या परिच्छेद क्रमांकांत फरक पडू शकतो. त्यामुळे गटात वाचणार असाल तर सगळ्यांकडे एकाच ठिकाणची प्रत हवी, नाहीतर अर्धा वेळ ‘कुठला परिच्छेद?’ यातच जातो.

प्रत छापून घ्या. तीन रंगांच्या पेन्सिली आणि एक फुलस्केप कागद जवळ ठेवा. कागदावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘म्हटलं’ आणि उजवीकडे ‘दिलं’ असे दोन रकाने करा. वाचनाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका पुरतात.

सुरुवातीला बारीक अक्षरात सारांश असतो. वकील त्याला हेडनोट म्हणतात. तो संपादकाने तयार केलेला असतो, न्यायमूर्तींनी नव्हे. त्यातलं वाक्य ‘कोर्टाने असं म्हटलं’ म्हणून कधीही उद्धृत करू नका. लेखांमध्ये ही चूक सर्रास दिसते. पहिल्या वाचनात ही पानं सरळ उलटून पुढे जा.

आधी आदेश

शेवटच्या पानांवर जा आणि एवढंच शोधा: कोणाला, काय, कधी, कोणत्या अटीवर मिळालं? या निकालात ढोबळपणे चार गट पडतात.

१९७६ साली झालेल्या झोपड्यांच्या गणनेत ज्यांच्या झोपड्यांना क्रमांक मिळाले आणि ज्यांना ओळखपत्रं दिली गेली, त्या झोपडपट्टीवासीयांना हटवायचं तर पर्यायी जागा द्यायची. वीसेक वर्षं किंवा त्याहून जुन्या, सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय हटवायच्या नाहीत, आणि हटवल्या तर पर्याय द्यायचा. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या फुटपाथवासीयांना मालवणीला किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, पण ही त्यांना हटवण्याची पूर्वअट नाही. आणि गणनेत नाव असो वा नसो, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत फुटपाथवरच्या कोणालाच हटवायचं नाही.

तिसऱ्या गटापाशी थांबा. ‘पूर्वअट नाही’ या दोन शब्दांखाली रेघ ओढा. त्यांचा व्यवहारातला अर्थ असा की पालिका आज झोपडी पाडू शकते आणि जागा पुढे कधीतरी देऊ शकते. जागा आधी मिळणं आणि नंतर मिळणं यांत फरक किती, हे ज्याला मधल्या रात्री कुठेतरी झोपायचं असतं त्याला सांगावं लागत नाही. निकालपत्रात ‘शक्यतो’, ‘यथावकाश’, ‘पूर्वअट म्हणून नव्हे’ असे शब्द दिसले की ते उजव्या रकान्यात जसेच्या तसे उतरवा. गाळू नका, आपल्या शब्दांत सांगू नका.

मग दिवस मोजा. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर म्हणजे ११३ दिवस. ज्यांचं नाव १९७६ च्या यादीत नव्हतं, त्यांच्या उजव्या रकान्यात एवढीच नोंद पडते.

तारखांची ओळ

आता मागे जाऊन तारखा एका ओळीत मांडा. १३ जुलै १९८१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवलं जाईल. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्या न पाडण्याचं ठरलं. तरीही २३ जुलैला लोकांना एसटीच्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेलं, अशी याचिकाकर्त्यांची तक्रार होती. निकाल लागला त्यानंतर चार वर्षांनी.

ही ओळ मांडली की एक गोष्ट आपोआप दिसते, ती म्हणजे पाऊस. १९८१ च्या घोषणेत दिलेलं कारण असं होतं की हे जगणं अमानुष आहे, हे आडोसे तकलादू आहेत आणि पावसाळ्यात ही माणसं धड राहू शकत नाहीत. म्हणून हटवायचं, तेही भर जुलैत. १९८५ च्या आदेशात तोच पाऊस उलट बाजूने येतो: पावसाळा संपून महिना होईपर्यंत हटवू नका. करुणेचं कारण एकच, पण एकीकडे त्यातून बेघर करणं निघतं आणि दुसरीकडे सवड देणं. निकालपत्र वाचताना एखादी वस्तू किंवा ऋतू असा दोनदा आला, तर दोन्ही जागी एकाच रंगाची खूण करा.

कायद्याचा रंग

पहिली पेन्सिल कायद्याच्या मुद्द्यांसाठी. इथे तीन मुद्दे पुरे आहेत.

पहिला मुद्दा कबुलीचा. उच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांच्या वतीने मान्य केलं गेलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क नाही, आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडकामाला अडथळा करणार नाही. पालिका म्हणाली, आता शब्द फिरवता येणार नाही. न्यायालयाने ते मानलं नाही: मूलभूत हक्क असा बोलून सोडून देता येत नाही. कुठलाही निकाल वाचताना खालच्या कोर्टात कोणी काय कबूल केलं होतं ते आधी शोधा. पुष्कळदा खटल्याची दिशा तिथेच ठरलेली असते.

दुसरा मुद्दा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या हक्काचा. जगण्याच्या साधनाशिवाय जगता येत नाही, म्हणून जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हे वाक्य डाव्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा. पण लगेच पुढचं वाचा. हा हक्क रास्त कार्यपद्धतीने काढून घेता येतो, असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणून सगळा भार कार्यपद्धतीवर येऊन पडतो.

तिसरा मुद्दा खरा कळीचा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ नुसार आयुक्त रस्त्यावरचं अतिक्रमण नोटीस न देता काढवू शकतो. न्यायालयाने यातलं ‘शकतो’ हे क्रियापद हातात धरलं. मराठीत ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत जो फरक आहे तोच इथे निर्णायक ठरला. कायद्याने नोटीस न देण्याची मुभा दिली आहे, आज्ञा नव्हे. म्हणून नोटीस देणं हा नियम आणि न देणं हा तातडीपुरता अपवाद. अशा वाचनामुळे कलमही टिकलं आणि मनमानीलाही आळा बसला. कलम रद्द करा ही मागणी मात्र फेटाळली गेली, हे उजव्या रकान्यात विसरू नका.

आता पुढची पायरी बारकाईने पाहा. ऐकून घ्यायला हवं होतं, असं न्यायालय म्हणतं. ‘ऐकलं असतं तरी फरक पडला नसता’ हा बचावही तत्त्वतः नाकारतं. आणि मग म्हणतं की आम्ही इथे सविस्तर ऐकलंच आहे, आता आयुक्तांनी पुन्हा ऐकण्याची गरज नाही. ही निकालातली सर्वात कमजोर जागा आहे. दिल्लीत वकिलांचे युक्तिवाद ऐकणं आणि वॉर्ड ऑफिसात त्या माणसाला विचारणं एक नव्हे. तू कधी आलास, गणनेचं कार्ड आहे का, कामावर कुठे जातोस, मुलं कुठल्या शाळेत आहेत? आदेशातला प्रत्येक गट नेमक्या याच उत्तरांवर अवलंबून आहे.

पाच अवयवांची चाचणी

दुसरी पेन्सिल तत्त्वज्ञानाची. इथे लोक लगेच ॲरिस्टॉटल, रॉल्स अशी लेबलं चिकटवायला धावतात. लेबलाआधी युक्तिवाद सोडवून पाहा. त्यासाठी आपल्याकडचं उत्तम हत्यार म्हणजे न्यायदर्शनातलं पंचावयवी वाक्य, म्हणजे युक्तिवाद पाच अवयवांत मांडण्याची रीत. (एकच ‘न्याय’ शब्द आपल्याकडे इन्साफालाही आहे आणि तर्कशास्त्रालाही. इथे दोन्ही कामी येतात.)

प्रतिज्ञा: फुटपाथवरून हटवणं म्हणजे जीविताच्या हक्कावर घाला आहे.
हेतू: कारण त्याने उपजीविका जाते.
उदाहरण: जिथे साधन तुटतं तिथे जगणं तुटतं, गावात काम नाही म्हणूनच माणसं शहरात येतात.
उपनय: ही माणसं कामाच्या जवळ राहता यावं म्हणून फुटपाथवर राहतात, इथून उठवलं तर काम सुटतं.
निगमन: म्हणून हटवणं हा जीविताच्या हक्कावर घाला आहे, आणि त्यापूर्वी रास्त कार्यपद्धती हवीच.

प्रत्येक अवयवापुढे परिच्छेद क्रमांक लिहा. ज्याच्यापुढे क्रमांक सापडत नाही तो अवयव गृहीत धरलेला आहे. मग चौथा अवयव, म्हणजे उपनय, आदेशाशेजारी ठेवा. युक्तिवाद म्हणतो की कामाची जागा आणि झोपायची जागा जवळ असणं हाच जगण्याचा आधार आहे. आदेश पर्यायी जागा सुचवतो मालवणीला, मालाडच्या पश्चिमेला. याचिकाकर्त्यांपैकी एकाची झोपडी होती ताडदेवच्या तुळशीवाडीत. म्हणजे ज्या कारणाने हक्क मान्य झाला ते कारण आदेशात गळून पडलं. हे नुसत्या वाचनात दिसत नाही, अवयव सुटे केले की लगेच दिसतं.

आता तत्त्वज्ञांना बोलवा, पण प्रत्येकाकडून एकच प्रश्न घ्या. ॲरिस्टॉटलचा प्रश्न: नियम सर्वसाधारण असतो, मग ज्या प्रसंगाचा विचार नियम करणाऱ्याने केलाच नव्हता तिथे त्याची दुरुस्ती कशी करायची? ‘करू शकेल’चं वाचन ही तशी दुरुस्ती आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा, १९७१ पासून गाजलेला: आपण फुटपाथवरून चालणारे असू की त्यावर झोपणारे हे माहीत नसताना कलम ३१४ आपण कसं लिहिलं असतं? गटात हा प्रश्न खरोखर लिहून सोडवायला लावा, पंधरा मिनिटांत. फुटपाथ पूर्ण मोकळा करायलाही कोणी धजावत नाही आणि पूर्ण सोडून द्यायलाही. लोक नोटिशीचे दिवस ठरवू लागतात. अमर्त्य सेन यांनी नीती आणि न्याय यांत केलेला भेद तर इथे जसाच्या तसा लागू पडतो: नियम-संस्था नीट असणं ही नीती, माणसांच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय घडलं हा न्याय. तुमचे दोन रकाने बहुतेक तेच आहेत.

आणखी एक प्रश्न खुद्द निकालातच आहे. ऐकून घेण्याचं मोल केवळ चूक टाळण्यापुरतं असतं का? निकाल म्हणतो, नाही. ऐकलं जाण्यात माणूस म्हणून मान आहे. हे परिच्छेद सावकाश वाचा. भारतीय निकालपत्रांत इतकी स्वच्छ मांडणी क्वचित दिसते. आणि म्हणूनच ‘आम्ही ऐकलं आहे’ हे पुढचं पाऊल जास्त टोचतं.

साहित्याचा रंग

तिसऱ्या पेन्सिलीने पहिलं पान वाचा. सुरुवातीला फुटपाथवरच्या जगण्याचं वर्णन आहे: सडक्या मांसाच्या शोधातली पिसाळलेली कुत्री, उंदरांमागची मांजरं, जिथे विधी उरकायचे तिथेच स्वयंपाक, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरांखाली आंघोळ करणाऱ्या वयात आलेल्या मुली, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या बायका, भीक मागणारे मुलगे, आणि कामधंदा नसलेले, कायदा-सुव्यवस्था राखणाऱ्यांच्याच संगनमताने गळ्यातल्या साखळ्या खेचणारे पुरुष.

पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं अधोरेखित करा. माणसं झोपतात, आंघोळ करतात, भीक मागतात, साखळ्या खेचतात. एकही जण काम करत नाही. दुसऱ्या फेरीत पाहा, डोळे कोणाचे आहेत? हे दृश्य रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं तसं आहे, झोपडीत बसलेल्याला दिसतं तसं नाही.

मग काही पानं पुढे जा, जिथे याचिकाकर्त्यांची हकीकत आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून १९६९ ला आलेला एक चर्मकार. गावी दिवसाला ७-८ रुपये मिळायचे, घर पडलं, मुंबईत बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीत फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० लागले. बेरीज करा: १,००० रुपये, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. दुसरा तमिळनाडूतल्या सेलमहून दुष्काळामुळे आलेला, रोजी २३ रुपयांवर दहिसरला रासायनिक कंपनीत कामाला. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या आडोशासाठी त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले गेले, म्हणजे १०८ दिवसांहून जास्त मजुरी.

फुटपाथ फुकट नव्हता, आणि त्यावरचे पुरुष बेकार नव्हते. पहिल्या पानाचं शब्दचित्र आणि पुढची हकीकत एकमेकांना छेद देतात. हा शैलीचा दोष म्हणून सोडून देऊ नका. उपजीविकेचा सगळा युक्तिवाद ही माणसं कामकरी आहेत यावरच उभा आहे. कणव यावी म्हणून रंगवलेलं चित्र त्यांच्याच बाजूच्या मुद्द्याला कमजोर करतं. याचिकेतला रुपयांचा हिशेब, अलंकाराविना, जास्त काम करून जातो.

चित्र किती महाग पडू शकतं ते पाहायचं तर अल्मित्रा पटेल प्रकरणातला फेब्रुवारी २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश शेजारी ठेवा. विषय दिल्लीतल्या कचऱ्याचा होता. त्यात झोपडपट्ट्यांबद्दल अशा आशयाचं वाक्य आहे की सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणं. १९८५ चा निकाल या लोकांना गुन्हेगारी हेतूने घुसलेले मानायला तयार नव्हता. परिस्थितीने आणलेले म्हणत होता. पंधरा वर्षांत ‘नाइलाजाने आलेला’ या जागी ‘खिसेकापू’ आला, तोही एका उपमेतून. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि कर्ता कोण, कर्म काय, हेतू कोणाला चिकटवला आहे, एवढं तपासा.

हमखास होणाऱ्या चुका

सर्वात मोठी चूक म्हणजे उपजीविकेचं वाक्य सुटं काढून भाषणात वापरणं. ऐकणाऱ्याला वाटतं की याचिकाकर्ते जिंकले. त्या वाक्यासोबत कलम ३१४ वैध ठरलं आणि ३१ ऑक्टोबरनंतर हटवायला मोकळीक मिळाली, हे सांगितलंच पाहिजे. उलटी चूकही तितकीच वाईट: ‘शेवटी हटवलंच ना’ म्हणून निकाल निरुपयोगी ठरवणं. तत्त्व नोंदलं गेलं, म्हणून पुढच्या कितीतरी प्रकरणांत नोटिशीचा आणि पर्यायाचा प्रश्न विचारता आला.

‘न्याय’, ‘निकाल’, ‘निवाडा’ आणि ‘दाद’ हे शब्द चर्चेत आळीपाळीने वापरू नका. कोर्टाच्या पायऱ्यांवर ‘न्याय मिळाला’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा ‘निकाल आमच्या बाजूने लागला’ एवढंच म्हणायचं असतं. मागितली ती दाद, दिला तो निकाल. या दोहोंतलं अंतर मोजून झाल्यावरच न्याय हा शब्द उच्चारायचा, असा गटाचा नियम केला तर चर्चा बरीच सुधारते.

गटात वाचायचं तर आठ-दहा जण पुरे. पहिल्या बैठकीत आदेश, तारखा आणि कायदा, दुसरीत पंचावयव आणि पहिलं पान. पहिलं पान मोठ्याने वाचून घ्या, लगेच त्याच आवाजात संगमनेरच्या माणसाची हकीकत वाचा, आणि मध्ये कोणी बोलू नका. दुसरी बैठक संपताना प्रत्येकाने आपल्या फुलस्केपच्या उजव्या रकान्यातल्या नोंदींपुढे परिच्छेद क्रमांक आहे ना ते तपासावं. क्रमांक नसलेली नोंद खोडावी किंवा पुन्हा शोधावी. नंतर हाच कागद दुसऱ्या निकालासाठी वापरताना डावा रकाना कोरा ठेवून उजव्यापासून सुरुवात करा.